मेणावर तेल

पहाटे साडेचारला मीटरवाले अंघोळीला गेले आणि बाईंना पंधरा मिनिटं मिळाली.

पुढच्या खोलीत सायकल भिंतीला टेकून उभी होती. बाईंनी वाकून पायडल उलटं फिरवलं आणि कान लावला. चेन कुरकुरत होती. एकेक कडी दातांवरून वळताना कटकट करत होती, जणू महिनाभर तिला कोणी हात लावला नव्हता.

बाईंचं गणवेश शिवायचं दुकान होतं. चार मशीन, दोन मदतनीस, पस्तीस वर्षं. दुकानात एक नियम होता आणि तो मोडणाऱ्या मदतनीस दुसऱ्या दिवशी तोंड लपवून यायच्या. मशीन वाजलं की हातातलं काम खाली ठेवायचं. तेल घालायचं. मग पांढऱ्या चिंधीवर टीप मारत राहायची, चिंधीवर डाग पडायचा थांबेपर्यंत. तोवर गिऱ्हाईकाचं कापड मशीनखाली जायचं नाही, मग गिऱ्हाईक दारात येऊन का उभं राहेना.

सायकल ही मात्र मीटरवाल्यांची सत्ता. तिला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. पण आज ते दोनशे किलोमीटर जाणार होते आणि चेन वाजत होती. बाईंनी मशीनच्या तेलाची लांब चोचीची डबी आणली, पदर खोचला आणि खाली बसल्या. एका कडीला लाल दोरा बांधला, म्हणजे सुरुवात कुठे केली ते कळावं. मग कडीमागून कडी, प्रत्येकीला एक थेंब. एकशे चौदा कड्या झाल्यावर दोरा परत समोर आला. तो कात्रीने कापून त्यांनी चेन चिंधीने पुसली. चिंधीवर काळ्याऐवजी काहीतरी पांढुरकं आलं. धूळ असेल, असं त्यांना वाटलं. पायडल पुन्हा फिरवलं. आवाज नव्हता.

न्हाणीघराची कडी वाजली तेव्हा डबी बाईंच्या पदराआड होती आणि चहा गॅसवर.

"काय गं, एवढी खूश?"

"खूश कसली. तुम्ही दिवसभर घरात नसणार."

सव्वापाचला मीटरवाले निघाले. हेल्मेट, पिवळं जाकीट, पुढच्या पिशवीत चार केळी आणि सायकल क्लबचं जाड कागदाचं कार्ड. बाई जिन्यात उभ्या राहून सायकल गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ऐकत राहिल्या. ऐकू काहीच आलं नाही. त्या समाधानाने आत आल्या.

मीटरवाल्यांचं हे नाव नोकरीचं. पाणीपुरवठा खात्यात ते तेहतीस वर्षं मीटर तपासत होते. घरामागून घर, सायकल टेकवायची, झाकण उघडायचं, आकडा लिहायचा, पुन्हा सायकलवर बसायचं. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी विचारलं होतं की आता काय करणार. ते म्हणाले होते, "तेहतीस वर्षं दर वीस पावलांवर थांबलो. आता न थांबता जाऊन बघतो."

क्लबची दोनशे किलोमीटरची फेरी साडेतेरा तासांत पुरी करावी लागे. सकाळी सहाला सुरुवात, संध्याकाळी साडेसातला शेवट. पहिल्या वर्षी दीडशेव्या किलोमीटरला त्यांच्या पायात गोळे आले आणि ते टेम्पोतून परत आले. दुसऱ्या वर्षी ते पोचले, पण सात वाजून एकोणचाळीस मिनिटांनी. क्लबने पाणी दिलं, टाळ्या वाजवल्या, शिक्का दिला नाही. हे तिसरं वर्ष. पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. नंतर सायकल चालवा, डॉक्टर म्हणाले होते, पण गल्लीत, सपाटीवर, बाजारापर्यंत. म्हणजे दोनशे आज नाही झाले तर कधीच नाही.

हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी तेल घातलं होतं.

सव्वाआठला त्या भांडी लावत होत्या तेव्हा एक पातेलं कमी भरलं. जाड बुडाचं, मधल्या आकाराचं. ते मागच्या गॅलरीत उपड्या बादलीखाली सापडलं. तळाशी बोटभर जाडीचा पांढरा थर होता आणि त्यात वाकवलेल्या तारेचं टोक अडकलं होतं. बाईंनी नखाने खरवडून पाहिलं. मेण.

पातेल्यात मेण का, याचं उत्तर या घरात एकाच ठिकाणी मिळण्यासारखं होतं. मीटरवाले सगळं वहीत लिहीत. वही टेबलावरच होती. गुरुवारच्या पानावर त्यांचं सुबक, दाटीवाटीचं अक्षर होतं:

चेन काढली. रॉकेलमध्ये तीनदा धुतली, चौथ्यांदा रॉकेल स्वच्छ राहिले. वाळवली. मेण वितळवून त्यात चेन सोडली. बुडबुडे थांबायला बावीस मिनिटे. तारेने टांगून गार केली. कड्या हाताने सोडवल्या, काही अजून ताठ. पहिले दहा किलोमीटर कुरकुर करेल, मग गप्प. दुकानदार म्हणतो तीनशे किलोमीटर बघायला नको, धूळ चिकटत नाही. यापुढे तेलाचा एक थेंबही नाही.

शेवटच्या ओळीखाली दोन रेघा होत्या.

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि तशाच खुर्चीवर बसल्या. मग मीटरवाल्यांना फोन लावला. फोन बंद होता. सायकल चालवताना ते फोन बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवत.

दुसरा फोन त्यांनी लेकीला केला. लेक दोन गल्ल्या सोडून राहायची आणि मोटार चालवायला शिकवायची.

"आई, नीट सांग. कोणाला काय झालंय?"

"चेनला."

"कुठल्या चेनला?"

"त्यांच्या. मी तेल घातलं. मेणावर."

"बाबांना माहीत आहे?"

"त्यांना माहीत असतं तर मी तुला फोन केला असता का?"

साडेनऊला सायकलचं दुकान उघडलं तेव्हा दोघी शटरसमोर उभ्या होत्या. दुकानदार तिशीचा होता. बाईंनी सगळं सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला.

"काकू, तेल वाईट नाही. मेणही वाईट नाही. पण दोन्ही एकत्र म्हणजे लेप झाला. मेण विरघळतं, मऊ होतं, धूळ धरतं. तुमचं मशीनचं तेल पातळ, ते थोड्या वेळात उडून जाणार. मागे राहणार काय, तर पॉलिश पेपर."

"बंद पडेल?"

"बंद नाही पडणार. जड होईल. गियर उड्या मारतील. आणि पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत रस्ता रुंद करायचं काम चालू आहे, अठरा किलोमीटर नुसती माती. त्यात काकांचं वय…" पुढचं त्याने गिळलं.

"उपाय सांगा."

उपाय त्याने सांगितला: सगळं धुऊन काढायचं, वाळवायचं, मग जाड तेल. कपाटातून एक बाटली काढली. "हे लांबच्या पल्ल्याचं. आत थेंब, बाहेरून कोरडं पुसायचं. बाहेर राहिलेलं तेल फक्त माती गोळा करतं."

"ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. आजच्या दिवसात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच आणि जरा दबक्या आवाजात म्हटलं.

क्लबचा नियम कडक होता. वाटेत कोणाची मदत घ्यायची नाही, मागे गाडी आणायची नाही. मदत चालायची ती फक्त चेकपॉइंटवर. पहिला चेकपॉइंट आता हातचा गेला होता. दुसरा एकशे अठ्ठाविसाव्या किलोमीटरला, पण फेरीचा रस्ता वळसा घालून जाणारा, त्यामुळे घरापासून तो सरळ पंचावन्न किलोमीटरवर होता. दुपारी दोन बत्तीसला तो बंद व्हायचा. त्याआधी मीटरवाल्यांना तिथे पोचायचं होतं.

लेकीने सकाळचे दोन विद्यार्थी उरकले आणि साडेअकराला गाडी काढली. टपावर 'शिकाऊ' अशी पाटी आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक. त्या जागी आज बाई बसल्या होत्या. मांडीवर रॉकेलची बाटली, दोन जुने टूथब्रश, तेल, पिशवीभर पांढऱ्या चिंध्या.

"आई, पाय उचल."

"कुठला?"

"ब्रेकवरचा. तिसऱ्यांदा सांगतेय. मागचा माणूस मला शिव्या देतोय."

"देऊ दे. मीही देतेय."

"कोणाला?"

"मला. आणि त्या मेणाला. मला सांगायला काय झालं होतं त्यांना?"

"तू तरी तेलाचं कुठे सांगितलंस?"

बाईंनी पाय उचलला आणि खिडकीतून बाहेर बघू लागल्या.

चेकपॉइंट म्हणजे पेट्रोल पंपाशेजारची पत्र्याची शेड, एक टेबल, पाण्याचे कॅन आणि गळ्यात घड्याळ अडकवलेले शिक्केवाले. शिक्केवाले म्हणजे क्लबचे सगळ्यात जुने सभासद. गेल्या वर्षी नऊ मिनिटांसाठी शिक्का नाकारला होता तो त्यांनीच. एक सायकलस्वार येई, ते घड्याळ बघत, वेळ लिहीत, शिक्का मारत. बाई शेडच्या मागच्या अंगाला सावलीत बसल्या. दीड वाजला. पावणेदोन. दोन. येणारे विरळ झाले. दोन वाजून दहा मिनिटांनी लेक म्हणाली, "येतील गं." दोन अकराला बाईंनी मान वर केली.

सायकल अजून दिसत नव्हती, पण आवाज आला होता. गंजलेल्या बिजागरीचा, दर फेरीला एकदा, मध्येच खाडकन उडी. मीटरवाले शेडसमोर येऊन थांबले. उजवा पाय खाली टेकताना त्यांनी ओठ चावला. गुडघ्यांपर्यंत माती उडाली होती.

"मीटरवाले," शिक्केवाले म्हणाले, "हा आवाज सायकलचा की तुमचा?"

"सायकलचा. माझा अजून सुरू व्हायचाय."

"चेनला केलंय काय?"

"मेण लावलं होतं. त्यावर सकाळी मीच तेल सोडलं. सवयीने. वय झालं, दुसरं काय."

"साफ खोटं," मागून बाई म्हणाल्या.

मीटरवाले वळले. आधी बायकोकडे, मग लेकीकडे, मग पंपाजवळ उभ्या असलेल्या शिकाऊ गाडीकडे त्यांनी पाहिलं.

"तू इथे कशी?"

"ते नंतर. तेल मी घातलं. तुम्हाला कधी कळलं?"

"तिसऱ्या किलोमीटरला. मेणाची चेन सुरुवातीला कुरकुरते म्हणून सांगितलं होतं. ही एकदम मऊसूत. बोट लावून वास घेतला." ते हसले. "पस्तीस वर्षं हा वास उशाशी आहे. चुकेन का?"

"मग परत का नाही फिरलात? तेव्हा वेळ होता. पुसून काढता आलं असतं."

"परत आलो असतो तर तुला कळलं असतं."

यावर बाई रागावल्या. "आणि मला मेणाचं सांगितलं असतंत तर?"

"पातेलं तुझं होतं. जाड बुडाचं दुसरं नव्हतं घरात. म्हटलं फेरी झाली की नवीन आणून देईन, मग सांगेन."

"अहो, माझ्या पातेल्यापायी तुम्ही—"

"भांडण घरी," लेक मध्ये पडली. "दोन पंधरा झालेत. बाबा, कार्ड द्या आधी."

शिक्का बसला. आता चेकपॉइंट बंद झाला तरी हरकत नव्हती, पण बहात्तर किलोमीटर उरले होते आणि इथे जाणारं प्रत्येक मिनिट त्यातून वजा होणार होतं. लेकीने जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं. मीटरवाले खुर्चीवर बसून पायडल उलटं, सावकाश फिरवू लागले. बाईंनी ब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि चेनच्या दोन्ही अंगांनी घासायला सुरुवात केली. वर्तमानपत्रावर काळा चिखल पडू लागला, त्यात मेणाच्या करड्या गुठळ्या.

"हळू फिरवा."

"हळूच फिरवतोय."

"याला हळू म्हणतात? गुडघ्याने फिरवताय की हाताने?"

"गुडघा राखून ठेवलाय. पुढे लागेल."

पहिली चिंधी डांबरासारखी निघाली. दुसरा हात झाला, चिंधी गडद. गियरच्या दातांच्या फटीत बाईंनी चिंधीची कड दोऱ्यासारखी ओढून काढली. मीटरवाल्यांनी दरम्यान दोन केळी खाल्ली. बाईंनी न बघताच पाण्याची बाटली त्यांच्याकडे सरकवली. तिसऱ्या हातानंतर चिंधी करडी होती.

"अजून एकदा," बाई म्हणाल्या.

मीटरवाले पायडल फिरवत राहिले. शिक्केवाले टेबल आवरता आवरता थांबले होते. त्यांनी गळ्यातलं घड्याळ पाहिलं. "दोन अडतीस," ते म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं.

बाईंनी चिंधीकडे पाहिलं. अशा चिंधीवर त्यांनी आजवर एकही मशीन सोडलं नव्हतं. दुकानात हे कोणी केलं असतं तर तिला मशीनवरून उठवलं असतं. रॉकेल वाळायला निदान पाच मिनिटं हवी होती, थेंब घालायला आणखी सात, पुसायला दोन. त्यांनी चिंधी खाली ठेवली.

"पुरे," त्या म्हणाल्या. "चालेल."

"चालेल?" लेकीने विचारलं. हा शब्द आईच्या तोंडून कामाच्या बाबतीत तिने कधी ऐकला नव्हता.

"पुठ्ठा घे आणि वारा घाल. बडबड करू नकोस."

लेक पुठ्ठ्याने चेनला वारा घालू लागली. मग बाईंनी नवी बाटली उघडली. यावेळी दोरा नव्हता. त्यांनी केसांतली पिन काढून एका कडीत खोचली. मीटरवाले एकेक कडी पुढे आणत, त्या थेंब सोडत. कुठे थांबायचं हे बाईंना सांगावं लागत नव्हतं आणि कधी हलायचं हे मीटरवाल्यांना विचारावं लागत नव्हतं. पिन परत आली. कोरड्या चिंधीने चेन बाहेरून पुसून झाली. दोन त्रेपन्न.

मीटरवाल्यांनी उजवा पाय हाताने उचलून सायकलवरून पलीकडे टाकला.

"होईल?" बाईंनी विचारलं.

"चार तास सदतीस मिनिटं आहेत. ताशी सोळाने गेलो तर होईल." ते क्षणभर थांबले. "वारा समोरून आहे."

"मग गप्पा कशाला मारताय?"

ते गेले.

मागे जायची परवानगी नव्हती, म्हणून दोघी सरळ रस्त्याने शहरात परतल्या आणि साडेपाचपासून क्लबच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. साडेसहापर्यंत तरुण आले, हसत, एकमेकांचे फोटो काढत. सातला मधल्या वयाचे आले. शिक्केवाले इथेही टेबलामागे होते. सात दहाला त्यांनी शिक्क्याची पेटी उघडी ठेवून चहा घेतला. सात अठराला लेकीने आईचा हात धरला. तो रॉकेलने खरखरीत झाला होता.

"नाही झालं तर?" लेक हळूच म्हणाली.

"नाही झालं तर माझ्यामुळे नाही झालं," बाई म्हणाल्या. "ते कोणाला तसं म्हणू देणार नाहीत, हीच तर पंचाईत आहे."

सात पंचवीसला रस्त्याच्या टोकाला पिवळं जाकीट दिसलं. मीटरवाले एका पायाने जोर लावत होते. दुसरा पाय नुसता पायडलबरोबर फिरत होता. सायकल सरळ येत नव्हती, पण येत होती. बाई ओरडल्या नाहीत. लेक दोघींच्या वाटचं ओरडली. फाटकातून आत येऊन मीटरवाल्यांनी टेबलालाच सायकल टेकवली आणि कार्ड काढून पुढे केलं.

शिक्केवाल्यांनी घड्याळ पाहिलं. मग दुसऱ्यांदा पाहिलं, कारण ते तसेच होते. "सात सत्तावीस," ते म्हणाले आणि शिक्का मारला.

मीटरवाल्यांना सायकलवरून उतरता येईना. दोघींनी दोन बाजूंनी धरून त्यांना बाकावर बसवलं. बाई खाली बसून त्यांच्या बुटांचे बंद सोडू लागल्या.

"चेन कशी होती?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"शेवटचे वीस किलोमीटर थोडी बोलायला लागली होती."

"चौथा हात राहिला ना. मी म्हटलं होतं."

"चौथा हात मारला असतास तर मी अजून रस्त्यात असतो."

शिक्केवाले एक फॉर्म घेऊन आले. फेरी पुरी करणाऱ्याने तो भरायचा असे. मीटरवाल्यांची बोटं वळत नव्हती, तरी पेन त्यांनीच घेतला. आकडे आणि रकाने त्यांच्या हातचे होते. वाटेत बिघाड: होय. ठिकाण: एकशे अठ्ठावीस. बिघाडाचं कारण, या रकान्याशी ते थांबले, बाईंकडे पाहिलं आणि लिहिलं: पत्नी. त्याखाली दुरुस्ती कोणी केली, असा रकाना होता. तिथेही लिहिलं: पत्नी.

बाईंनी वाचलं. पेन त्यांच्या हातातून काढून घेतला, वरचा शब्द एका रेघेने खोडला आणि जागा अपुरी असल्यामुळे तिरपं लिहिलं: दोघं.

"खाडाखोड चालत नाही," शिक्केवाले म्हणाले.

"मग बाजूला सही करते," बाई म्हणाल्या, आणि केली. मीटरवाल्यांनी पेन मागून घेतला आणि त्या सहीखाली आपलीही केली.